वरून कालवा, खालून नदी : रुडकीचा सोलानी जलसेतू

कालव्याच्या कडेला शेत असणाऱ्याला जलसेतू नवा नाही. कालव्याच्या वाटेत ओढा आडवा आला की कालव्याचं पाणी कमानींवरच्या पाटातून पलीकडे नेतात आणि ओढा खालून आपल्या वाटेने जातो. कुणी त्याला जलसेतू म्हणतं, कुणी सरळ कालव्याचा पूल म्हणतं. बहुतेक ठिकाणी तो दहा-वीस पावलांत संपतो, म्हणून त्याच्याकडे कुणाचं फारसं लक्ष जात नाही.

उत्तराखंडात हरिद्वार जिल्ह्यातल्या रुडकी शहराजवळ असाच एक पूल आहे. फरक फक्त आकाराचा. इथं वरून गंगेचा कालवा जातो आणि खालून सोलानी नदी. १८५४ साली या पुलावरून पहिलं पाणी गेलं. सिमेंट-लोखंडाच्या आधीच्या काळात, वीट, चुना आणि विहिरींच्या पायावर उभं राहिलेलं हे काम आजही बघण्यासारखं आहे. आणि कालव्याच्या पाण्यावर जगणाऱ्या शेतकऱ्याने समजून घेण्यासारखंही आहे.

एका नजरेत

- ठिकाण : रुडकी, जि. हरिद्वार, उत्तराखंड
- वरचा प्रवाह : गंगा कालवा (हरिद्वारहून निघणारा)
- खालचा प्रवाह : सोलानी नदी
- कालव्याचं उद्घाटन : ८ एप्रिल १८५४
- कमानी : १५, प्रत्येकी ५० फूट गाळ्याच्या
- पुलाची लांबी : ९२० फूट
- नदीपात्रापासून उंची : ३८ फूट
- बांधकाम : मुख्यतः वीट व चुना, पाया विहिरींचा
- योजना : प्रोबी कॉटली

दुष्काळातून निघालेला कालवा

गंगा आणि यमुना या दोन नद्यांच्या मधल्या सपाट मुलखाला दुआब म्हणतात. जमीन गाळाची, कसदार. पण पाऊस रुसला की वरच्या शेताला नदीचं पाणी चढत नाही. १८३७-३८ साली आग्रा भागात मोठा दुष्काळ पडला. त्यात सुमारे ८ लाख माणसं मेली असं मानलं जातं. गंगा वाहत होती आणि तिच्या दोन्ही अंगाला माणसं उपाशी मरत होती.

त्यानंतर हरिद्वारजवळ गंगेतून कालवा काढून दुआबात न्यायचा विचार पुढे आला. ही योजना मांडणारा प्रोबी कॉटली हा कंपनी सरकारच्या तोफखान्यातला अधिकारी. यमुनेच्या पूर्व कालव्यावर त्याने आधी बरीच वर्षं काम केलं होतं. या कालव्यासाठी तो सहा महिने पायी आणि घोड्यावर सगळा मुलूख फिरला आणि चढ-उताराची मापं स्वतः घेतली. १८४२ मध्ये खोदाईला सुरुवात झाली.

काम सरळ मात्र झालं नाही. गव्हर्नर जनरल एलनबरो याला ही योजना फारशी पसंत नव्हती, त्यामुळे पैसा अडला. पुढे हार्डिंज आल्यावर कामाला जोर चढला. वायव्य प्रांताचा लेफ्टनंट गव्हर्नर जेम्स थॉमसन याने शेवटपर्यंत पाठिंबा दिला, पण कालवा वाहताना त्याला बघता आला नाही. पाणी सुटण्याआधी काही महिने, सप्टेंबर १८५३ मध्ये तो वारला.

हरिद्वारच्या पुरोहितांचाही विरोध होता. गंगा अडवली तर तिचं पाणी बंदिस्त होईल, हे त्यांना मान्य नव्हतं. त्यावर तोड निघाली. बांधामध्ये गंगेला मोकळं वाहता येईल अशी जागा सोडायचं ठरलं, स्नानाच्या घाटांची दुरुस्ती करून द्यायचं कबूल झालं आणि कामाचा प्रारंभ गणेशपूजनाने झाला.

चार आडवे प्रवाह, तीन तऱ्हा

हरिद्वार ते रुडकी हा कालव्याचा सर्वांत अवघड तुकडा. शिवालिकच्या डोंगरातून उतरणारे चार मोठे प्रवाह इथं कालव्याला आडवे येतात. वर्षातले बरेच महिने त्यांच्यात नुसती वाळू दिसते. पण पावसाळ्यात डोंगरात पाऊस झाला की थोड्या वेळात लोंढा येतो. असल्या प्रवाहाला कालव्यात घेतलं तर कालवा गाळाने भरणार आणि अडवलं तर कालवाच फुटणार. मग प्रत्येक ठिकाणी जमिनीचा उतार बघून वेगळा इलाज केला गेला.

रानीपूर आणि पथरी : इथं कालवा खोलात आहे आणि प्रवाहाचं पात्र उंच. म्हणून कालव्यावर पक्की बांधणी करून पुराचं पाणी वरून पलीकडे नेलं. इथं कालवा खालून जातो.

धनौरी : रतमऊ नदी आणि कालवा इथं एकाच पातळीत भेटतात. नदी एका अंगाने आत येते. समोरच्या अंगाला दरवाजांचा बांध आहे. पूर आला की दरवाजे उघडून नदीचं पाणी काढून दिलं जातं, एरवी दरवाजे बंद ठेवून कालवा पुढे जातो.

रुडकी : जमिनीचा उतार कालव्याच्या उतारापेक्षा जास्त असल्यामुळे रुडकीला येईपर्यंत कालवा उंच राहिला आणि सोलानीचं खोरं खाली गेलं. म्हणून इथं कालवा वरून आणि नदी खालून.

तीस-पस्तीस किलोमीटरच्या आत या तिन्ही तऱ्हा बघायला मिळतात. पाटबंधाऱ्याचं शिक्षण घेणाऱ्या पोरांना आजही ही उदाहरणं शिकवली जातात.

खोऱ्यावरचा भराव

सोलानीचं खोरं रुंद आहे. नुसता पूल बांधून भागणार नव्हतं. नदीपर्यंत कालवा उंचीवरच न्यायचा तर आधी मातीचा भराव घालावा लागणार होता. हा भराव पावणेतीन मैलांच्या आसपास, म्हणजे साधारण साडेचार किलोमीटर लांब आहे. आजूबाजूच्या जमिनीपासून त्याची सरासरी उंची साडेसोळा फूट, तळाची रुंदी ३५० फूट आणि माथ्याची २९० फूट. चौकोनी एक एकर शेताची एक बाजू सुमारे २०९ फूट भरते, त्यावरून भरावाच्या रुंदीचा अंदाज यावा.

आपल्याकडे माती-मुरूम ब्रासमध्ये मोजतात. त्या हिशेबाने नुसता हा भरावच ढोबळमानाने साडेसात लाख ब्रासच्या पुढे जातो. त्यावर पुन्हा कालव्याचे १२ फूट उंचीचे काठ. पाण्याने काठ खचू नयेत म्हणून आतल्या बाजूने सगळ्या लांबीला पायऱ्यांचं पक्कं बांधकाम आहे. नदीच्या पलीकडेही सुमारे पाऊण मैल भराव करून कालवा रुडकीच्या उंच काठाला जोडला.

त्या काळी जेसीबी-डंपर नव्हते. माणूस, टोपली आणि जनावर यांच्यावर काम. माती वाहण्यासाठी पिरान कलियरकडून रुडकीपर्यंत लोखंडी रूळ टाकले. सुरुवातीला त्यावरचे डबे माणसं आणि घोडे ओढत. मग विलायतेहून वाफेचं इंजिन मागवलं. २२ डिसेंबर १८५१ रोजी ते रुळावर धावलं. त्याला ‘थॉमसन’ हे नाव दिलं होतं. बोरीबंदर ते ठाणे ही प्रवाशांची पहिली गाडी सुटली १६ एप्रिल १८५३ ला, म्हणजे त्यानंतर जवळपास सोळा महिन्यांनी. प्रवासी रेल्वेचा मान मुंबई-ठाण्याचाच. पण त्याआधी कालव्याच्या मातीसाठी रुडकीत इंजिन फिरत होतं. काही महिन्यांतच त्याचा बॉयलर फुटला आणि ते निकामी झालं. रुडकी रेल्वे स्टेशनवर त्याची प्रतिकृती ठेवलेली आहे.

पाया विहिरींचा

या पुलाचं सगळ्यात महत्त्वाचं काम डोळ्यांना दिसत नाही. ते नदीच्या वाळूखाली आहे.

आपल्याकडे विहीर पाडताना मुरूम लागतो, मग खडक लागतो. दुआबात तसं नाही. खाली वाळू आणि गाळ. खड्डा काढला की कडा ढासळतात. म्हणून तिथले लोक पिढ्यान्‌पिढ्या वेगळ्या रीतीने विहीर करत आले आहेत. जमिनीवर आधी लाकडी कडं ठेवायचं, त्यावर विटांचं गोल बांधकाम उभं करायचं आणि आतली माती काढत जायचं. जसजशी खालची माती निघते, तसतसं बांधकाम आपल्याच वजनाने खाली बसत जातं. वरून पुन्हा थर चढवायचे, पुन्हा माती काढायची.

सोलानीच्या पुलाचा पाया याच देशी रीतीने घातला. लांबी, रुंदी, उंची तिन्ही २० फूट असे बांधकामाचे ठोकळे केले. प्रत्येक ठोकळ्यात चार विहिरी ठेवल्या. त्या विहिरींतून माती उपसत ठोकळा नदीच्या तळाखाली २० फूट उतरवला. अशा ठोकळ्यांवर पुलाचे खांब उभे आहेत. जितकं बांधकाम वर दिसतं, जवळपास तितकंच जमिनीखाली आहे असं त्या काळच्या वर्णनात नोंदलेलं आहे.

एवढा खोल पाया घेण्याचं कारण पूर. पुराचं पाणी खांबाला आपटून तिथली वाळू उकरतं. पाया उथळ असला तर वरचं बांधकाम कितीही भक्कम असो, खांब खालून उघडा पडतो आणि बसतो.

कमानी आणि वरचा पाट

पायावर १५ कमानी. प्रत्येकीचा गाळा ५० फूट, म्हणजे नदीला वाहायला ७५० फूट मोकळी जागा. कमान जिथून सुरू होते तिथं खांबाची जाडी १० फूट आणि खांबाची उंची साडेबारा फूट. कमानीची जाडी ५ फूट. कमान अर्धगोल नाही, बसकी आहे. ५० फुटांच्या गाळ्यात ती फक्त ८ फूट वर चढते. त्यामुळे खालून बघताना पूल फार उंच वाटत नाही. त्याची खरी भव्यता रुंदीत आहे. एकेका कमानीची रुंदी १९२ फूट. पुलाखाली शिरलं की अलीकडून पलीकडे जायला जवळजवळ दोनशे फूट चालावं लागतं.

इतकी रुंदी कशासाठी, तर वरून नदीएवढा कालवा न्यायचा होता. पुलावर कालव्याचे दोन भाग केले आहेत, प्रत्येकी ८५ फूट रुंद. मध्ये भिंत. दोन भाग असले की एका बाजूचं पाणी बंद ठेवून दुरुस्ती करता येते आणि दुसऱ्या बाजूने पाणी चालू ठेवता येतं. दोन्ही कडांच्या भिंती ८ फूट जाड आणि १२ फूट उंच. पाण्याची खोली १० फूट धरलेली होती.

या मापांवरून हिशेब केला तर पूल पूर्ण भरून वाहताना ९२० फुटांच्या लांबीत सुमारे ४ कोटी ४३ लाख लिटर पाणी असतं. १० हजार लिटरच्या टँकरने मोजलं तर ४,४०० हून जास्त टँकर. वजन ४४ हजार टनांच्या आसपास. हे ओझं रात्रंदिवस कमानींवर असतं.

बांधकाम मुख्यतः भाजक्या विटांचं. विटा जोडायला चुना आणि सुरखी, म्हणजे भाजक्या विटांची भुकटी. नुसता चुना ओलीत नीट घट्ट होत नाही. सुरखी मिसळली की तो पाण्याच्या संपर्कातही धरतो. आपल्याकडच्या जुन्या वाड्यांच्या आणि बारवांच्या दुरुस्तीत काम करणाऱ्या गवंड्यांना चुना-सुरखीची ही जोडी ओळखीची आहे.

पुलाच्या दोन्ही टोकांना कालव्याच्या काठावर बसलेल्या सिंहांच्या भल्यामोठ्या मूर्ती आहेत. रुडकीची ती एक ओळखच झाली आहे.

कामातून निघालेलं कॉलेज

एवढ्या मोठ्या कामाला मापं घेणारे, नकाशे वाचणारे, मजुरांवर देखरेख करणारे जाणकार लोक हवे होते. ते सगळे विलायतेहून आणणं परवडणारं नव्हतं. म्हणून थॉमसनच्या पुढाकाराने १८४७ साली रुडकीत इंजिनिअरिंगचं कॉलेज काढलं. पुढे त्याला थॉमसन कॉलेज नाव मिळालं. १९४९ मध्ये ते विद्यापीठ झालं आणि २००१ मध्ये आयआयटी. आज आपल्या खेड्यापाड्यातली पोरं ज्या आयआयटी रुडकीत प्रवेश मिळवायला धडपडतात, तिची मुळं या कालव्याच्या कामात आहेत.

८ एप्रिल १८५४ ला कालव्यात पाणी सोडलं आणि १८५५ पासून सिंचन सुरू झालं. मुख्य कालवा ३४८ मैल, शाखा ३०६ मैल आणि लहान-मोठ्या चाऱ्या मिळून तीन हजार मैलांच्या वर. मुखाशी ६,७५० क्युसेक पाणी घ्यायचं असा मूळचा हिशेब होता. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला साधारण २८ लिटर. म्हणजे सेकंदाला १० हजार लिटरचे १९ टँकर.

नदरईचा धडा

सोलानीचा पूल टिकला, यात पायाचा वाटा आहे तसा त्या ७५० फुटांचाही आहे. खालच्या नदीला जागा कमी पडली तर काय होतं, हे याच दुआबात तीस वर्षांनी दिसलं.

गंगेवर खाली नरोरा इथून १८७८ मध्ये दुसरा कालवा सुरू झाला. कासगंजजवळ नदरई गावी त्याला काली नदी आडवी येते. तिथंही जलसेतू बांधला, पण खालून पाणी जायला जागा कमी ठेवली. एरवीची काली नदी बघून कुणालाही ती पुरेशी वाटावी. जुलै १८८५ मध्ये मोठा पूर आला, कमानींत मावेना, आणि पूल वाहून गेला. खालची नदी तुंबली आणि वरचा कालवाही गेला.

त्यानंतर त्याच ठिकाणी नवा पूल बांधला. या वेळी १५ कमानी आणि प्रत्येकीचा गाळा ६० फूट. म्हणजे नदीला ९०० फूट मोकळी वाट. पाया पुन्हा खोल विहिरींचा. १८८९ मध्ये तो पुरा झाला. हा पूल आजही उभा आहे आणि त्या भागात ‘झाल का पुल’ म्हणून ओळखला जातो.

पाण्याची वाट अडली की आणखीही एक नुकसान होतं. ते सावकाश होतं, म्हणून लवकर ध्यानात येत नाही. गंगा कालव्याच्या भागात काही ठिकाणी कालव्याने आणि चाऱ्यांनी जमिनीचे नैसर्गिक ओघळ अडवले. पाणी साचलं, जमिनीतलं पाणी वर आलं आणि पांढरा क्षार फुटला. तिकडे त्याला ‘रेह’ म्हणतात. आपल्याकडे बागायती पट्ट्यात जमीन क्षारपड झाली म्हणतात, तोच हा प्रकार. कालव्याने हजारो गावांना पाणी दिलं हे खरं. आणि जिथं खालच्या पाण्याचा विचार झाला नाही, तिथं शेतकऱ्याची जमीन गेली हेही खरं.

आपल्याकडच्या जलसेतूकडे बघताना

महाराष्ट्रातही कालवे म्हटले की लहान-मोठे जलसेतू आलेच. सोलानी आणि नदरईच्या अनुभवावरून गावातल्या माणसाला चार गोष्टी सहज तपासता येतात.

१. कमानीखालची जागा : ओढा बारा महिन्यांतले दहा महिने कोरडा असतो, म्हणून कमानीखाली मुरूम, काडीकचरा, जुन्या घराचा राडारोडा टाकला जातो. कुणी बांध पुढे सरकवतं. पूल बांधताना त्या गाळ्याचं माप पुरासाठी धरलेलं असतं, उन्हाळ्यातल्या ओढ्यासाठी नाही. एक गाळा बुजला की बाकीच्यांवर ताण येतो.

२. खांबाजवळची वाळू : जलसेतूच्या लगत वाळू उपसली तर पाया उघडा पडतो. पावसाळा संपल्यावर खांबाच्या बुडाशी खड्डा दिसला, पायाचे दगड-विटा उघडे दिसले तर ते लगेच कळवायला हवं.

३. सांध्यातली झाडं : भिंतीत पिंपळ-उंबराचं रोप दिसायला छोटं असतं, पण मूळ सांधा फोडत आत जातं. लहान असतानाच निघालं तर बरं.

४. गळती : आवर्तन चालू असताना कमानीच्या पोटातून पाणी ठिबकतं का ते बघावं. गळतीच्या जागेचा फोटो तारखेसह ठेवला आणि पाणीवापर संस्थेमार्फत पाटबंधारे खात्याच्या शाखा कार्यालयात लेखी दिला तर कालवा बंद असण्याच्या काळात दुरुस्ती मागता येते. भरल्या कालव्यात ती करता येत नाही.

जलसेतू फुटला तर नुकसान फक्त त्या गावाचं होत नाही. खालच्या शेतात पाणी शिरतं ते वेगळं, आणि पुढच्या सगळ्या चाऱ्या कोरड्या पडतात. टेलच्या शेतकऱ्याला आधीच पाणी शेवटी मिळतं. त्याचं उभं पीक दुरुस्तीची वाट बघत थांबत नाही.

सोलानीच्या पुलावरून आजही गंगेचं पाणी पुढे जातं आणि पावसाळ्यात खालून सोलानी वाहते. बांधणाऱ्यांनी वरच्या पाण्यासाठी १७० फूट रुंदी ठेवली होती आणि खालच्या नदीसाठी ७५० फूट. एरवी कोरड्या दिसणाऱ्या नदीला इतकी जागा सोडली, म्हणून वरचा कालवा टिकला.